स्पॅनिश जिभेवरचं इंग्रजी

स्पॅनिशमध्ये मूळ शब्द 'स्क', 'स्प', 'स्ट' अशा जोडाक्षराने सुरूच होत नाहीत, आधी 'ए' लागतो. खुद्द स्पेनचं नाव 'एस्पान्या'! म्हणून मेक्सिकोतला माणूस इंग्रजी बोलताना 'स्कूल'चं सहज 'एस्कूल' करतो. उपाय मला फार आवडतो: आधी लांबलचक 'स्स्स' म्हणा, त्यालाच 'कूल' जोडा, मग 'स' हळूहळू आखूड करा. आरशासमोर, मोठ्याने, रोज.

दुसरी सवय कर्ता गाळण्याची. 'युएवे' या एका शब्दात पाऊस पडतो, म्हणून इंग्रजीतही नुसतं 'इज रेनिंग' येतं. आपणही 'येतो' एवढंच म्हणतोच की! इंग्रजीत मात्र 'इट' हवाच.

आणि वय सांगताना स्पॅनिशसारखं 'आय हॅव' नको, 'आय ॲम ट्वेंटी' म्हणा.