व्यायलेल्या कुत्रीचा शिरा

वडोदऱ्याच्या जुन्या पोळांमध्ये एक गोड रीत आहे. गल्लीतील कुत्री व्यायली म्हणजे मुले थाळी घेऊन दारोदार फिरतात. कोणी वाटीभर पीठ देतो, कोणी गूळ, कोणी तूप. मग शिरा शिजतो व तो बाळंतिणीपुढे ठेवला जातो. आमच्यापैकी अनेकांनी जीवदयेचा पहिला पाठ याच कढईपाशी गिरविला.

हा पाठ आम्हांस पुरता येतो, असा आमचा समज होता. काही वर्षांपूर्वी हाथीखान्यातील आमच्या वखारीत गव्हाच्या थप्पीमागे एक कुत्री व्यायली. पाच पिले झाली. पहिल्या दिवशी तिला साजूक तुपातला शिरा घातला, आणि पुण्य पदरी पडले अशा समाधानाने आम्ही पुन्हा चोपड्यांत डोके घातले. तिसऱ्या आठवड्यात हमाल धावत आला. कुत्री पाय ताठ करून पडली होती, सर्वांग थरथरत होते, धाप लागली होती. पिले मात्र तशीच लुचत होती. कोणी म्हणाले, पिसाळली. एकाने काठीही उचलली. सुदैवाने गुरांचे डॉक्टर वेळेवर आले. दुधावाटे रक्तातील कॅल्शियम उतरले आहे, असे सांगून त्यांनी सुईने सावकाश औषध दिले. काही वेळाने ती उठून बसली. जाताना डॉक्टरांनी एवढेच विचारले, "शेठ, हिला रोज काय घालता?" शेकडो पोत्यांच्या मध्ये उभे असून आम्हांस उत्तर देता आले नाही.

त्यानंतर जे शिकलो, ते बंधुभगिनींपुढे ठेवतो. प्रथम तिला कोरडी, निवाऱ्याची, शांत जागा व अंथरावयास स्वच्छ गोणपाट द्यावे. पिलांचे डोळे सुमारे १० ते १४ दिवसांनी उघडतात. तोवर ती आईच्या उबेवरच जगतात, म्हणून मुलांनी ती उचलू नयेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सर्वांत अधिक असते. त्या वेळी तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते. ते दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावे, व पाणी सदैव जवळ असावे. कांदा-लसूण कुत्र्यांस विषारी आहे. त्या दृष्टीने आपल्या स्वयंपाकघरातील वरणभात तिला निर्धोक. शिरा थोडाच द्यावा, आणि त्यात मनुका-बेदाणा मुळीच घालू नये, तोही विषारीच. थरथर, ताप, कठीण व तापलेले स्तन, दुर्गंधीयुक्त स्राव, पिलांचे अखंड रडणे, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांस बोलवावे. कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. गुजरातेत २०१७ पासून 'करुणा' पशु-रुग्णवाहिका चालते. तिचा क्रमांक १९६२.

आम्हां धान्यवाल्यांवर एक विशेष जबाबदारी आहे. धान्यातील किडीसाठी वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम प्राणघातक वायू सुटतो. ताडपत्री ओढण्यापूर्वी प्रत्येक थप्पीची मागची बाजू बत्ती घेऊन पाहावी. उंदरांचे विषही अशा वेळी उचलून ठेवावे.

सहा ते आठ आठवड्यांत पिले दूध सोडतात. मग पिलांच्या लसी, तसेच आईची रेबीजची लस व निर्बीजीकरण करून घ्यावे. अन्यथा तिचे हेच हाल पुन्हा ठरलेले.

पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण जाणतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिल्या चारांपासून आम्ही दूर होतो, म्हणून निश्चिंत होतो. पाचवा मात्र आमच्याच वखारीत, आमच्या आश्रयास आलेल्या जिवाच्या बाबतीत, नकळत घडत होता.

मुले थाळी घेऊन दारी आली की पीठ अवश्य द्यावे. पण त्याबरोबर एवढे विचारावे: बाळांनो, उद्याची पाळी कोणाची?