यष्टिरक्षकाचा सौदा : चार कोटींचा भार कोणी उचलला?

भारतात साडेसातला पहिला चेंडू पडतो, तेव्हा आपल्या बहारीनमध्ये संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. चहाबरोबर आयपीएलच्या गप्पा रंगतात आणि त्यांत धावांपेक्षा पैशांचा हिशेबच अधिक असतो. असाच एक हिशेब आज वाचकांपुढे ठेवतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये यष्टिरक्षक संजू सॅमसन राजस्थान रॉयल्समधून चेन्नई सुपर किंग्जकडे आला. बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला गेले. सॅमसनचे १८ कोटी आणि करनचे २.४ कोटी रुपये मानधन कायम राहिले. जडेजाचे मात्र १८ कोटींवरून १४ कोटी झाले.

चेन्नईने २०.४ कोटी उतरवून १८ कोटी डोक्यावर घेतले, वाचले २.४ कोटी. शिवाय धोनी ४४ वर्षांचा झालेला असताना ३१ वर्षांचा यष्टिरक्षक हाती लागला. राजस्थानला १८ कोटींच्या जागी १६.४ कोटींत दोन अष्टपैलू मिळाले, वाचले १.६ कोटी. आता या दोन बचतींची बेरीज करा. बरोबर ४ कोटी! जडेजाचे मानधन तसेच राहते, तर चेन्नईची बचत तेवढीच राजस्थानची तूट ठरली असती.

अमेरिका-कॅनडातील बर्फावरच्या हॉकीत रीत निराळी आहे. तेथे महागडा गोलरक्षक देऊन टाकणारा संघ त्याच्या पगाराचा निम्म्यापर्यंत भाग स्वतःकडे ठेवू शकतो. असा भार उचलला की बदल्यात चांगला खेळाडू मागता येतो. गोलरक्षकाचा पगार मात्र पूर्ण राहतो. आयपीएलमध्ये मानधनाचा सारा बोजा नव्या संघावर जातो. तो हलका करायचा, तर खेळाडूनेच कमी घ्यायचे. खेळाडूच्या संमतीवाचून अदलाबदल होत नाही हे खरे, पण पदर त्याचाच रिकामा होतो.

पुढची गंमत पाहा. १६ डिसेंबर २०२५ रोजी आपल्या शेजारच्या अबुधाबीत लिलाव झाला. तेथे चेन्नईने प्रशांत वीर या २० वर्षांच्या डावखुऱ्या फिरकी अष्टपैलूवर १४.२ कोटी मोजले. भारताकडून एकही सामना न खेळलेला हा मुलगा जडेजाच्या नव्या मानधनापेक्षा महाग पडला! बाजार उद्याच्या आशेला भाव देतो. कालच्या पराक्रमाला हार घालतो.

आपल्यापैकी कित्येकांनी मालक बदलताना आधीपेक्षा कमी पगारावर सही केली आहे. कधी मुलांच्या शाळेसाठी, कधी मनाजोग्या कामासाठी. राजस्थानने २००८ साली पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा कोवळा जडेजा त्याच संघात होता. तो त्याच घरी परतला आहे. त्याच्या मनात काय होते ते आम्ही सांगणार नाही. पण कमी आकड्यावर सही करणाऱ्या माणसाची किंमतही कमी झाली, असे आपल्या घरांत तरी कोणी म्हणू नये.