वाहतूक नियोजन आणि जमीनविकास यांचा समन्वय: शिरीष पटेल यांची कारकीर्द व नवी मुंबईचा अनुभव

१. प्रस्तावना

वाहतूक नियोजन हा स्थापत्य अभियांत्रिकीचा विषय आणि जमिनीचा किंवा इमारतींचा विकास हा वाणिज्याचा विषय, अशी विभागणी आपल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत रूढ झालेली आहे. प्रत्यक्षात मात्र रेल्वेस्थानक कोठे होणार यावर जमिनीचा भाव ठरतो आणि जमिनीवर किती वस्ती होणार यावर रेल्वेचे भवितव्य अवलंबून असते. या दोन्ही क्षेत्रांना जोडणारी एक महत्त्वाची कारकीर्द म्हणजे स्थापत्य अभियंता व नगरनियोजक शिरीष पटेल यांची होय. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे कार्य आणि नवी मुंबईचा अनुभव यांच्या आधारे ही संकल्पना, तिचे यश व तिच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२. संकल्पनेचे स्वरूप

नवा रेल्वेमार्ग सुरू झाला की परिसरातील जमिनीचे मूल्य वाढते. ही वाढ जमीनमालकाच्या श्रमातून होत नसून सार्वजनिक खर्चातून होते. त्यामुळे तिचा काही भाग त्या खर्चाच्या भरपाईसाठी वापरावा, हे या विचाराचे मूळ सूत्र आहे. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांनी १९१० मध्ये ओसाकाजवळ रेल्वेमार्ग सुरू केला, तेव्हा मार्गालगत जमिनी घेऊन त्यांवर घरे बांधून ती हप्त्यांनी विकली. घरांतून नफा मिळाला आणि रेल्वेला कायमचे प्रवासी लाभले. हाँगकाँगमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या मेट्रो महामंडळाने हेच सूत्र सार्वजनिक क्षेत्रात राबविले. रेल्वे येण्यापूर्वीच्या दराने विकासहक्क घ्यावयाचे, रेल्वे आल्यानंतरच्या मूल्याने विकास करावयाचा आणि मधल्या फरकातून मार्ग उभारावयाचा, अशी ती पद्धती होय.

३. शिरीष पटेल यांची वाटचाल

केंब्रिज येथे शिक्षण घेतलेल्या पटेल यांनी प्रारंभी धरणांच्या बांधकामांवर काम केले व पुढे स्वतःची सल्लागार संस्था स्थापन केली. मुंबईतील केम्प्स कॉर्नर येथील उड्डाणपूल (१९६५) ही त्यांची प्रसिद्ध निर्मिती. एका चौकातील कोंडी सोडविणाऱ्या या अभियंत्याने त्याच सुमारास संपूर्ण शहराच्या कोंडीचा प्रश्न हाती घेतला. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता यांच्यासमवेत त्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचा प्रस्ताव मांडला. मुंबई उत्तर-दक्षिण दिशेने वाढत असून सर्व नोकऱ्या दक्षिण टोकाला एकवटल्या आहेत. ही रचना मोडावयाची तर पूर्वेकडे रोजगाराचे स्वतंत्र केंद्र हवे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. पटेल यांनी १९७४ पर्यंत तेथे नियोजन व बांधकाम विभागाचे संचालक म्हणून काम पाहिले. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी आखलेल्या आराखड्यात एकच मध्यवर्ती पेठ नव्हती. सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गावर मण्यांप्रमाणे ओवलेली अनेक उपनगरे, म्हणजेच ‘नोड’, त्यात कल्पिलेली होती. वाहतुकीचा मार्ग हा येथे आराखड्याचा कणाच होता. पुढे गृहकर्ज देणाऱ्या एचडीएफसी या संस्थेच्या संचालक मंडळावरही पटेल यांनी काम केले. वाहतूक, जमीन आणि घरबांधणीचे अर्थकारण ही तिन्ही सूत्रे अशा रीतीने एका व्यक्तीच्या अनुभवात एकत्र आली.

४. नवी मुंबईतील रेल्वेचे अर्थकारण

सिडकोचे प्रमुख भांडवल म्हणजे संपादित जमीन. ती विकसित करून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची आणि मिळणाऱ्या अधिमूल्यातून रस्ते, पाणी व मलनिःसारण उभारावयाचे, ही मूळ योजना होती. रेल्वेसाठीही हेच तत्त्व लागू करण्यात आले. मानखुर्दहून बेलापूरकडे जाणाऱ्या मार्गाच्या खर्चापैकी ६७ टक्के वाटा सिडकोने व ३३ टक्के रेल्वेने उचलला. मे १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली, १९९३ मध्ये बेलापूरला आणि १९९८ मध्ये पनवेलला. ठाण्याहून येणारा मार्ग २००४ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला, तर उरणपर्यंत लोकल जानेवारी २०२४ मध्ये पोहोचली.

वाशी व बेलापूर येथील स्थानके केवळ फलाटांपुरती मर्यादित न ठेवता त्यांच्यावर कार्यालयांसाठी विस्तृत जागा निर्माण करण्यात आली. सीवूड्स स्थानकाची जमीन २००८ मध्ये निविदेद्वारे खासगी विकासकाकडे सोपविण्यात आली व २०१७ मध्ये तेथील मॉल सुरू झाला. स्थानक, दुकाने व कार्यालये एकाच छत्राखाली आणण्याचा हा ठळक प्रयोग होय.

५. मर्यादा

या अनुभवाकडे केवळ यशोगाथा म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. पहिली मर्यादा कालक्रमाची आहे. शहराची स्थापना १९७० ची आणि रेल्वे १९९२ ची. मधली जवळजवळ दोन तपे रहिवाशांना मुख्यत्वे खाडीपूल व बस यांवर विसंबून राहावे लागले. रेल्वेविना जमिनीला भाव नाही आणि जमिनीला भाव नसल्याने रेल्वेसाठी पैसा नाही, असे हे दुष्टचक्र होते. त्यातच मंत्रालय नव्या शहरात हलविले गेले नाही व नरिमन पॉइंट येथील कार्यालयांची वाढही चालू राहिली. त्यामुळे नोकऱ्यांचे विकेंद्रीकरण अपेक्षित गतीने झाले नाही.

दुसरी मर्यादा न्यायाची आहे. जी मूल्यवृद्धी शहराच्या उभारणीस उपयोगी पडली, ती ९५ गावांच्या शेतजमिनी, मिठागरे व खाजणे यांवर झाली. भूसंपादनाच्या वेळी मिळालेली भरपाई आणि विकसित भूखंडाचा भाव यांतील तफावत हेच असंतोषाचे मूळ होते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांना हौतात्म्य आले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना अस्तित्वात आली. विमानतळबाधितांसाठी हे प्रमाण साडेबावीस टक्के करण्यात आले. मूल्यवृद्धीत मूळ जमीनधारकाचा वाटा आहे, हे तत्त्व नियोजकांनी मांडण्याऐवजी शेतकऱ्यांना लढून मिळवावे लागले, ही बाब विसरता येत नाही.

तिसरी मर्यादा पटेल यांनी स्वतःच उत्तरायुष्यात दाखवून दिली. २००७ मध्ये अल्पा शेठ व नेहा पांचाळ यांच्यासमवेत लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी वस्तीची रचना, घनता आणि वाहतूक नियोजन यांचा परस्परसंबंध तपासला. त्यांच्या मते केवळ चटई क्षेत्र निर्देशांक पाहून घनतेचा निर्णय करणे अपुरे आहे. घरातील, रस्त्यावरील आणि उद्यानातील गर्दी स्वतंत्रपणे मोजली पाहिजे. स्थानकाजवळ निर्देशांक वाढविल्याने महसूल वाढतो. परंतु पदपथाची रुंदी तेवढीच राहते.

६. अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्व

आज या क्षेत्रास धोरणात्मक अधिष्ठान लाभले आहे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात मूल्यवृद्धीतून निधी उभारण्याचा विचार अंतर्भूत आहे. नवी मुंबईत बेलापूर ते पेंधर मेट्रो (नोव्हेंबर २०२३), अटल सेतू (जानेवारी २०२४) व ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेले आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमुळे जमिनीच्या मूल्याचे प्रश्न पुन्हा ऐरणीवर आले आहेत. अशा प्रकल्पांसाठी प्रवासीसंख्येचा अंदाज बांधणारे, जमिनीचे मूल्यांकन जाणणारे आणि भूसंपादन कायद्याचे भान असणारे मनुष्यबळ लागते. हे तिन्ही गुण एका विद्याशाखेत क्वचितच मिळतात. अर्थशास्त्र, भूगोल, वाणिज्य व समाजशास्त्र या विभागांनी संयुक्तपणे एखाद्या स्थानक परिसराचे सर्वेक्षण हाती घेतल्यास पदवी स्तरावरही या समन्वयाचा परिचय करून देता येईल.

७. समारोप

वाहतूक आणि जमीनविकास यांची सांगड घालणे हे तंत्र आहे. त्यातून निर्माण होणारे मूल्य कोणाचे, हा मात्र तत्त्वाचा प्रश्न आहे. नवी मुंबईने तंत्राची उपयुक्तता सिद्ध केली आणि तत्त्वाची किंमतही दाखवून दिली. पटेल यांच्या कारकिर्दीतून घ्यावयाचा बोध हा की, या क्षेत्रातील व्यावसायिकाने रेल्वेचे वेळापत्रक, भूखंडाचा भाव आणि जमीन देणाऱ्याचा हक्क या तिन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे. तशी दृष्टी विद्यार्थ्यांत रुजविणे हे प्राध्यापक वर्गाचे कर्तव्य ठरते.