सहल ठरवावी तिथी पाहून

हिवाळा सुरू झाला की महाविद्यालयात सहलीचे बेत शिजू लागतात. वर्गणी किती, गाडी कोणती, गाणी कोण म्हणणार, सारे ठरते. समुद्राची वेळ मात्र कोणी विचारीत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस गेलेले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ते आपल्याच वयाचे होते. म्हणून कोकणची सहल कशी आखावी, याचा थोडा विचार करू.

उदाहरणादाखल रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास घेऊ. नाना फडणवीसांचे हे गाव. येथील वाळूत थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात. पूर्वी ती खाण्यासाठी पळविली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली ग्रामस्थांच्या साहाय्याने संरक्षणाचे काम हाती घेतले. अंडी घातल्यापासून सुमारे पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिले बाहेर येतात. म्हणून फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ निवडावा. पण पिले आपल्या वेळापत्रकाने निघत नाहीत. तेव्हा आधी गावात चौकशी करावी आणि एक मुक्काम हाताशी ठेवावा. राहणे-जेवणे गावकऱ्यांच्या घरीच होते. किती माणसे येणार हे आगाऊ कळवावे, म्हणजे यजमानांची धावपळ होत नाही.

आता भरती-ओहोटी. कोकणातील जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. पंचमीस पाच पाऊणे पावणेचार. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. चंद्र रोज जवळजवळ पाऊण तास उशिरा उगवतो आणि त्याच्यामागे भरतीही सरकते, हे या हिशेबाचे मर्म. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. त्या दिवशी पहाटे व सायंकाळी पाणी खूप दूर जाते, खडकांच्या डबक्यांतील खेकडे नि शंख निवांत पाहता येतात. मात्र दुपारी पाणी तितक्याच जोराने वर येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. तरीही ओहोटीच्या ओढीत उतरू नये आणि स्थानिकांनी 'नको' म्हटले की ते अखेरचे समजावे. हिशेब ढोबळ आहे, कोळ्याचा शब्द पक्का.

पिले पाण्यात सोडताना आखलेल्या दोरीबाहेर उभे राहावे. विजेरी लावू नये, कारण ती क्षितिजावरील उजेडाच्या दिशेने जातात आणि आपल्या दिव्याने चुकतात. पावलांच्या खळग्यांतही ती अडकून पडतात.

तेव्हा मित्रहो, यंदा सहलीची तारीख ठरविण्यापूर्वी घरातल्या भिंतीवरचे पंचांग एकदा काढून पाहा. समुद्र आपल्यासाठी थांबत नाही. त्याच्या वेळेला आपण जावे आणि जितके गेलो तितके सारे परत यावे.