शितावरून दर्याची परीक्षा

आठवड्याच्या बाजारात सुकट आणि जवळा घेऊन बसणारी बाई माप भरते तेव्हा आपले सारे लक्ष भावाकडे असते. हा मासा समुद्रात काय खाऊन वाढला, हा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. गाईला चारा लागतो आणि चाऱ्याला खतपाणी लागते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. समुद्रातही हिशेब तोच आहे. तिथला चारा म्हणजे पाण्याच्या वरच्या थरात तरंगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती. तो चारा चरणारी जनावरे म्हणजे बहुतेक मोहरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान जीव. तारली, बांगडा हे मासे या चाऱ्यावर आणि या जनावरांवर पोसले जातात. त्यांच्यावर मोठे मासे आणि शेवटी आपण. पाण्याचा प्रवाह नेईल तिकडे जाणाऱ्या या सगळ्या लहान जीवसृष्टीला प्लवक म्हणतात. वनस्पती असतील तर वनस्पती प्लवक, प्राणी असतील तर प्राणी प्लवक.

आता हा चारा समुद्रात किती आहे, हे मोजायचे कसे? शास्त्रज्ञ त्यासाठी जहाजे घेऊन महिनोन्‌महिने समुद्रावर जातात. “पाण्यातले किडे मोजायला एवढा खर्च कशाला?” असे विचारणारेही पुष्कळ भेटतात. मी शेती खात्याचा माणूस, समुद्राशी माझा संबंध ताटातल्या माशापुरता. पण नमुना घेणे हे माझे आयुष्यभराचे काम आहे. म्हणूनच या लोकांच्या कामात मला आपले काम दिसते.

गावात मातीचा नमुना घेऊ लागलो की कुणीतरी म्हणतोच, “साहेब, रान पाच एकराचं आणि तुम्ही नेणार अर्धा किलो माती. त्यातनं काय कळणार?” प्रश्न रास्त आहे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण ती का होते? पातेल्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो म्हणून. आच एका बाजूला लागली असेल तर एक शीत कच्चे निघते आणि दुसरे करपलेले. मग परीक्षा भाताची राहत नाही, आपण कुठले शीत उचलले त्याची होते. समुद्र हे असेच एकसारखे न शिजलेले पातेले आहे.

समुद्राचे उत्पन्न काढणारा प्राध्यापक

जर्मनीतील कील शहरी व्हिक्टर हेन्सेन नावाचे प्राध्यापक होते. शेताचे उत्पन्न काढता येते तसे समुद्राचे काढता येईल का, हा प्रश्न त्यांना पडला. मासे मोजणे अशक्य. मग माशांची पाण्यात तरंगणारी अंडी आणि माशांचा चाराच मोजावा, असे त्यांनी ठरवले. प्लवकाला प्लँक्टन हे नाव त्यांनीच १८८७ साली दिले. ‘भटकणारे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. १८८९ साली ‘नॅशनल’ नावाचे जहाज घेऊन ते अटलांटिक महासागरात गेले. जाळ्याला कापड कसले वापरावे? पिठाच्या गिरण्यांत मैदा चाळायला जे बारीक रेशमी कापड लागते, तेच त्यांनी घेतले. आपल्या घरात वस्त्रगाळ चूर्ण करतात, त्याच धर्तीचे हे काम. फक्त गाळायचा होता महासागर.

हेन्सेन परत आल्यावर अर्न्स्ट हेकेल या नामांकित शास्त्रज्ञाने त्यांच्यावर कडक टीका केली. प्लवक समुद्रात सारखे पसरलेले नसते, कुठे दाट तर कुठे विरळ असते, तेव्हा अशा मोजणीला काही अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे. पाच एकर आणि अर्धा किलो मातीचा प्रश्न विचारणारा आपला शेतकरी आणि हेकेल, दोघांचा आक्षेप एकच. माझ्या मते आक्षेप खरा होता, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नव्हता. रान एकसारखे नसते म्हणून आपण माती तपासणे सोडत नाही. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची माती घेतो. बांध, उकिरडा, झाडाची सावली आणि विहिरीजवळची जागा सोडतो. म्हणजे नमुना नीट घ्यायला शिकतो. समुद्रावरच्या लोकांनीही पुढे हेच केले.

सर्वांची पायली एक

आपल्या हिंदी महासागराची मोठी पाहणी १९६० ते १९६५ च्या सुमारास झाली. तिला आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम म्हणतात. अनेक देशांची मिळून चाळीसहून अधिक जहाजे तीत उतरली. भारतीय नौदलाची ‘किस्टना’ ही नौका त्यांत होती. किस्टना हे कृष्णेचेच इंग्रजी वळणाचे नाव, तेव्हा आपल्या कृष्णामाईच्या नावाचे जहाज या कामी लागले असे म्हणायला हरकत नाही. अमेरिकेचे ‘अँटोन ब्रून’ हे जहाज पूर्वी त्यांचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची विहारनौका होते. १९६३ साली या मोहिमेतली त्याची पहिली फेरी मुंबईहून निघाली.

इतके देश, इतकी जहाजे, आणि प्रत्येकाचे जाळे निराळे. एकाचे माप शेर आणि दुसऱ्याचे पायली, तर बेरीज कशी करणार? म्हणून या मोहिमेसाठी एकच जाळे ठरवण्यात आले. त्याचे तोंड एक चौरस मीटरचे, कापडाची भोके मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. जहाज उभे करायचे, जाळे २०० मीटर खोल सोडायचे आणि सेकंदाला एक मीटर या वेगाने सरळ वर ओढायचे. ओढायला साडेतीन मिनिटेही लागत नाहीत. एवढ्या वेळात जाळ्यातून २०० घनमीटर पाणी गाळले जाते. साडेसोळा फूट व्यासाची आणि तेहतीस फूट पाण्याची विहीर डोळ्यांसमोर आणा. तेवढे पाणी झाले, दोन लाख लिटर. इतके पाणी गाळून शेवटी जाळ्याच्या शेपटाला लावलेल्या भांड्यात उरतो तो थोडासा, पेजेसारखा गाळ.

हे झाले कागदावरचे. समुद्रावर वारा असतो. जहाज सरकते, दोर तिरका होतो आणि २०० मीटर दोर सोडला तरी जाळे तितके खोल गेलेले नसते. म्हणून दोराचा कोन मोजून खोलीचा हिशेब करावा लागतो. हिरव्या पाण्यात कापडाची भोके चोंदतात आणि मग पाणी जाळ्यात न शिरता बाजूने निघून जाते. चहाची गाळणी चोथ्याने भरली की होते तसेच. यावर उपाय म्हणून जाळ्याच्या तोंडात छोटा पंखा बसवतात. पाणी आत शिरले की तो फिरतो आणि त्याचे फेरे मोजले जातात. फेऱ्यांवरून खरोखर किती पाणी गाळले ते कळते.

जाळे वर आले की बाहेरच्या बाजूने पाण्याचा फवारा मारून ते धुतात. आतून पाणी मारले तर धुण्याच्या पाण्यातलेच जीव नमुन्यात मिसळायचे. मग सारा गाळ बरणीत घेऊन तो कुजू नये म्हणून त्यात फॉर्मेलिन घालतात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बरणीच्या आतच टाकतात, कारण शाई ओल्यात पसरते. चिठ्ठीवर जागा, खोली, तारीख आणि वेळ लिहितात. माझ्या मते हे चिठ्ठीचे काम सर्वांत मोलाचे. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे सातबारा नसलेली जमीन.

वेळ कशासाठी, असे कुणी विचारील. पुष्कळसे प्राणी प्लवक रात्री वर चरायला येते आणि दिवस उगवताच खाली उतरते. दुपारी जाळे टाकणाऱ्याला गोठा रिकामा दिसेल, मध्यरात्री टाकणाऱ्याला भरलेला. समुद्र मात्र तोच असतो.

आणखी एक शिस्त मला फार महत्त्वाची वाटते. जहाज कुठे थांबायचे ते निघण्याआधी नकाशावर ठरलेले असते. वाटेत पाणी हिरवेगार दिसले तरी ठरलेल्या ठिकाणाचे जाळे तिथे टाकायचे नाही, आणि ठरलेल्या ठिकाणी पाणी कोरडे निळे दिसले तरी ते सोडायचे नाही. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगात हाच नियम आहे. सर्व्हे नंबर आणि त्यातली जागा आकड्यांच्या तक्त्यावरून निघते. बहुतेक पिकांना १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा आखतात आणि तेवढेच पीक कापून तोलतात. त्या वेळी एक जण म्हणतो, “साहेब, तिकडचा वाळलेला कोपरा घ्या,” आणि दुसरा उभ्या पिकाकडे बोट दाखवतो. दोघांचीही गरज मला कळते. पैसेवारी आणि पीकविमा या तोलावर ठरतो, त्यावर घरातले लग्न आणि पुढल्या हंगामाचे बियाणे अवलंबून असते. पण एकदा कोपरा निवडून घेतला की तो आकडा कुणाच्याच कामाचा राहत नाही. पुढच्या वर्षी खरोखर बुडालेल्या गावावरही मग कुणी विश्वास ठेवत नाही.

बरणीतले जीव मोजायचे कसे

एका बरणीत हजारो जीव असतात. सगळे मोजत बसले तर वर्षाला मोजक्याच बरण्या होतील. मातीचा ढीग घमेल्यात कालवून त्याचे चार भाग करतो, समोरासमोरचे दोन टाकतो आणि अर्धा किलो उरेपर्यंत तेच करत राहतो, हे आपण जाणता. प्लवकासाठी यासारखेच एक यंत्र आहे, फोल्सम विभाजक. हे पारदर्शक पिंप असते. आत पडदा असतो. नमुना त्यात ओतून पिंप फिरवले की पाणी बरोबर दोन भागांत वाटले जाते. एक भाग बाजूला ठेवायचा, दुसऱ्याचे पुन्हा दोन. टेबल मात्र पाणसळीत हवे, नाहीतर वाटणी भावकीच्या वाटणीसारखी होते. म्हणून हे काम सहसा किनाऱ्यावर परतल्यावर करतात. मोठे जेलीफिश वगैरे आधीच उचलून वेगळे मोजतात.

मग उरलेला हिस्सा नागमोडी चर असलेल्या ताटलीत ओततात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत जातात. चर असल्याने एक जीव दोनदा मोजला जात नाही आणि एकही सुटत नाही. सर्वांत जास्त भरतात ते कोपेपॉड, लांब मिशांचे झिंग्याच्या जातकुळीतले जीव. उदाहरण घेऊ. नमुन्याच्या आठव्या हिश्शात २५० कोपेपॉड सापडले. आठपट केले, २,००० झाले. पाणी गाळले होते २०० घनमीटर. म्हणजे एका घनमीटरला १० कोपेपॉड.

या दहाच्या आकड्यावर किती विसंबायचे, तेही मोजणारा सांगतो. शंभर जीव मोजले असतील तर शंभरामागे वीस इकडेतिकडे होऊ शकतात. चारशे मोजले तर शंभरामागे दहा. चूक निम्मी करायची तर मोजणी चौपट. हा झाला फक्त ताटलीतला फरक. समुद्रात एकामागून एक दोनदा जाळे टाकले तरी दुप्पट-निमपट निघणे नवलाचे नाही. म्हणून एका बरणीवरून कुणी समुद्राची कुंडली मांडत नाही. अशा शेकडो बरण्या लागतात.

डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींची तऱ्हा निराळी. त्या या जाळ्यातून निसटतात. त्यांच्यासाठी ठराविक खोलीवरचे पाणीच बाटलीत भरून आणतात, त्यात आयोडीनचे द्रावण टाकून त्या तळाशी बसू देतात आणि मग चौकटी आखलेल्या काचेवर मोजतात.

मोजून काय मिळाले

मोहिमेत जमलेल्या दीड हजाराहून अधिक बरण्या कोचीला आणून तिथे त्यातले जीव निवडले गेले. या कामात डॉ. एन. के. पणिक्कर यांचा पुढाकार होता. १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, तिचे मुख्य ठाणे आज गोव्यात दोना पावला येथे आहे, आणि कोचीचे केंद्र तिच्याचकडे आले. १९६८ पासून प्लवकाचे नकाशे छापून निघाले. नैऋत्य मोसमी पावसाच्या दिवसांत सोमालिया, अरबस्तान आणि भारताचा नैऋत्य किनारा इथे प्लवक दाट असते, हे त्यांत स्पष्ट दिसले. कारण शेतकऱ्याला पटकन उमगेल. वाऱ्याने वरचे पाणी किनाऱ्यापासून लोटले जाते आणि खालचे थंड पाणी वर येते. त्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते. समुद्राची ही निसर्गाने केलेली खोल नांगरट आणि खतावणी एकदमच होते.

या चाऱ्याचा माशांशी संबंध किती जवळचा, याचे उदाहरण १९५५ सालचे आहे. फ्रॅजिलेरिया ओशनिका नावाची एक सूक्ष्म वनस्पती पाण्यात वाढली की तारली मुबलक मिळते, असे केरळ किनाऱ्यावरच्या संशोधकांनी तेव्हा नोंदवले. तारली हा मोठा लहरी मासा. केरळात २०१२ साली ती चार लाख टनांच्या जवळपास मिळाली, आणि २०२१ साली साडेतीन हजार टनसुद्धा नाही. आपल्याकडे शंभर पोत्यांच्या जागी एक पोते पिकले तर काय होईल, तेच त्या घरांत झाले. कारणे बरीच सांगितली गेली. पण चारा किती होता याची वर्षानुवर्षांची नोंद हाताशी असेल तरच एक कारण धरता येते आणि दुसरे सोडता येते.

मोजणीने जुनी समजूत मोडते, तेही घडले. १९९० च्या दशकात गोव्याच्या संस्थेतील डॉ. एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की खुल्या अरबी समुद्राच्या वरच्या थरात हिरवा चारा हंगामाप्रमाणे कमीजास्त होतो, पण प्राणी प्लवक मात्र फारसे घटत नाही. मग चाऱ्याच्या तुटीत ही जनावरे जगतात कशावर? उत्तर जाळ्याच्या भोकांतून निसटणाऱ्या जिवाणूंत आणि अतिसूक्ष्म प्राण्यांत होते. जाळे ही चाळण आहे. चाळणीतून जे खाली पडते ते नव्हतेच, असे धरून चालत नाही.

दुसरी हिंदी महासागर मोहीम डिसेंबर २०१५ मध्ये गोव्याहून निघाली, ‘सागर निधी’ जहाजावरून. पहिल्या मोहिमेतले नमुने अजून कोचीच्या संग्रहात जपलेले आहेत. आज एखाद्या संशोधकाला १९६३ सालच्या पाण्यात कोणता जीव होता याची खात्री करून घ्यायची असेल, तर त्याला बरणी काढून, आतली पेन्सिलीची चिठ्ठी वाचून पुन्हा मोजायला बसता येते.