कांजिण्या बऱ्या होतात, विषाणू जात नाही

लहानपणी कांजिण्या येतात, अंग खाजतं, खपल्या पडतात, मूल पुन्हा शाळेत जाऊ लागतं आणि घरचे तो विषय विसरून जातात. विषाणू मात्र शरीर सोडत नाही. मज्जातंतूंच्या वाटेने तो पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींपर्यंत पोहोचतो आणि तिथे तीस, चाळीस, साठ वर्षं मुक्काम ठोकतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती ढिली पडली, की त्याच वाटेने परत त्वचेवर येतो. हीच नागीण.

इतकी वर्षं त्याला तग धरता येते ती डीएनएमुळे. फ्लू, डेंगी, करोनाचे विषाणू आरएनएवाले. पेशीत शिरायचं, भराभर प्रती काढायच्या आणि पुढची पेशी गाठायची, हा त्यांचा खाक्या. कांजिण्यांच्या विषाणूकडे सुमारे सव्वा लाख अक्षरांचा दुपदरी डीएनए असतो. चेतापेशीच्या केंद्रकात शिरल्यावर त्याची दोन टोकं जुळून कडं तयार होतं. आपल्या डीएनएला गुंडाळून ठेवणारी प्रथिनं त्यालाही गुंडाळतात आणि त्याची सत्तरच्या आसपास जनुकं जवळजवळ सगळी गप्प होतात. विषाणूची प्रथिनंच बनत नाहीत, मग प्रतिकारयंत्रणेने ओळखायचं तरी काय? एचआयव्हीसारख्या आरएनए विषाणूलासुद्धा दडून बसण्यासाठी आधी स्वतःची डीएनए प्रत करावी लागते, हे मला फार बोलकं वाटतं.

या लपंडावाची नीट मांडणी केली ती इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टरच्या एका फॅमिली डॉक्टरने, एडगर होप-सिम्पसन यांनी. १९४७पासून सोळा वर्षं त्यांनी आपल्याकडच्या नागिणीच्या रुग्णांची नोंद ठेवली. नागिणीला कांजिण्यांसारखा हंगाम नव्हता, तिची साथही येत नव्हती. वयाबरोबर ती वाढत मात्र होती. म्हणजे ती बाहेरून लागत नाही, आतूनच उठते, असं त्यांनी १९६५मध्ये मांडलं. पुढे १९८४मध्ये एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतला आणि नंतरच्या नागिणीतला विषाणू ताडून पाहिला, तेव्हा दोन्हींचा डीएनए सारखाच निघाला.

नागिणीने कमरेला वेढा घातला, तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो, अशी भीती आपल्याकडे अजून आहे. प्रत्यक्षात कण्यातून निघणारा प्रत्येक मज्जातंतू शरीराची एकच बाजू सांभाळतो. म्हणून फोडांचा पट्टा पाठीच्या मध्यापासून निघतो आणि सहसा पोटाच्या मध्याशी थांबतो. गेरूचे लेप आणि मंत्र यांत पहिले तीन दिवस जातात, याचा मात्र मनापासून राग येतो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. उशीर झाला आणि फोड डोळ्याजवळ असले, तर दृष्टीवर बेतू शकतं. फोड सुकल्यावरही काहींना महिनोन्महिने जीवघेण्या कळा येतात.

या गोळ्यांतली मूळची असायक्लोव्हिर. ती घडवणाऱ्या चमूच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन १९८८च्या नोबेलच्या मानकरी. हे औषध डीएनएच्या एका अक्षरासारखं दिसतं. विषाणूचंच एक विकर त्याला कामाला लावतं, त्यामुळे निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही. नवी साखळी विणताना हे खोटं अक्षर आत बसतं, पुढचं अक्षर जोडायला त्याच्यावर जागाच नसते आणि काम तिथेच थांबतं. पण प्रती निघत असतील तरच. गप्प बसलेल्या कड्याला कुठलीही गोळी हलवू शकत नाही. पन्नाशीनंतर दिली जाणारी लससुद्धा त्याला हात लावत नाही. ती प्रतिकारपेशींना विषाणूची जुनी ओळख नव्याने पटवते, म्हणजे तो उठला तरी त्वचेवर येण्याआधीच त्याला रोखता येतं. भारतात ही लस २०२३पासून मिळते.