सेवासदन आणि परिचारिकेचा पेशा

रुग्णसेवेच्या इतिहासात डॉक्टरांची नावे सहज पुढे येतात. परंतु रात्रपाळीत रुग्णाजवळ जागणारी परिचारिका, आणि तिला त्या जागी सन्मानाने उभे राहता यावे म्हणून शिक्षण, निवास व देखरेखीची घडी बसवणारी संचालिका, या दोघींचे ऋण क्वचितच मांडले जाते. महाराष्ट्रात ही दुसरी जबाबदारी उचलणाऱ्यांत रमाबाई रानडे यांचे स्थान अग्रभागी आहे. त्या स्वतः परिचारिका नव्हत्या, तरीही मराठी घरांतील स्त्रियांसाठी हा पेशा खुला करण्यात त्यांच्या पुणे सेवासदन या संस्थेचा वाटा फार मोठा होता.

देवराष्ट्रे येथे १८६२ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी समाजसुधारक महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला आणि त्यांचे शिक्षण पतीच्या आग्रहाने, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसत, पार पडले. १९०१ मध्ये आलेल्या वैधव्यानंतर त्या सार्वजनिक कार्यात अधिकाधिक गुंतत गेल्या. मुंबईत १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी सेवासदन काढले, त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. पुढे २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने, त्यांनी स्वतःच्या वाड्यातच पुणे सेवासदन उभे केले.

मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये स्त्रियांसाठी सुरू झाले आणि १८९१ मध्ये तेथे काशीबाई गणपत यांनी परिचारिकेचे प्रशिक्षण घेतल्याची नोंद आढळते. तरीही वीस वर्षांनंतरसुद्धा उच्चवर्णीय हिंदू घरांचा या पेशाला असलेला विरोध मावळला नव्हता. परक्या पुरुषाची जखम धुणे, वेगवेगळ्या जातींच्या रुग्णांची बेडपॅन उचलणे, त्यांची अंथरुणे बदलणे आणि रात्री घराबाहेर राहणे, यांतली प्रत्येक गोष्ट सोवळ्याओवळ्याच्या व अब्रूच्या कल्पनांना धक्का देणारी होती. म्हणूनच सेवासदनाने १९११ मध्ये ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिका-वर्ग सुरू केला, तेव्हा नुसता अभ्यासक्रम पुरेसा ठरणार नव्हता. विद्यार्थिनींसाठी वसतिगृह, म्हणजे वडीलधाऱ्या देखरेखीखालचे दुसरे घर, हवे होते; आणि तेथे आपली विधवा लेक सुरक्षित राहील, हा विश्वास घरच्यांना देणारी व्यक्ती रमाबाईंइतक्या अधिकाराची असावी लागे. सुधारणेचा विचार अनेकांनी मांडला, पण त्याला खोली, भोजन आणि वेळापत्रक मिळवून देण्याचे हे काम अधिक अवघड होते, आणि ते अधिक मोलाचे मानले पाहिजे.

सेवासदनाचा विस्तार पुण्यापुरता राहिला नाही. सातारा, बारामती, सोलापूर यांच्याबरोबर त्याची शाखा अलिबागलाही निघाली; पेणहून तेथे जाणाऱ्यास धरमतरची खाडी ओलांडावी लागे. मुंबई इतकी जवळ असूनही खाड्यांनी तुटलेल्या अशा मुलखात बाळंतपणाची भिस्त अनुभवाने शिकलेल्या सुईणींवर असे आणि प्रसंग बिकट झाला तर शहरातील रुग्णालय गाठणे भरती-ओहोटीच्या हाती असे. शिकलेल्या परिचारिकेची व प्रसविकेची, म्हणजे बाळंतपणाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीची, खरी निकड होती ती अशाच ठिकाणी.

रमाबाईंचे निधन १९२४ मध्ये झाले. परिचारिकांची सरकारी नोंदणी करणारा मुंबई प्रांताचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९३५ मध्ये आला.